पेटीत नसलेला गंधार

आमच्या परसात तुळशीकट्ट्याला टेकून एक जातं पडलेलं आहे. खुंटा कधीच कुजून गेला. वरच्या दगडावर सूनबाई मोगऱ्याची कुंडी ठेवते, खालचा दगड अर्धा मातीत रुतला आहे. पाहुणेमंडळी आली की कुणीतरी विचारतंच, "हे अजून ठेवलंय काय?" मी काहीतरी बोलून विषय बदलतो. खरं उत्तर द्यायला वेळ लागतो. म्हणून आज ते लिहूनच काढावं म्हणतो.

बेळगावच्या पूर्वेला आमचं गाव. घरात मराठी, शेजारी कानडी आणि बाजारात दोन्ही. माझा जन्म १९५० चा. तेव्हा गावात पिठाची गिरणी नव्हती. पहाटे चारच्या सुमारास आई जात्यावर बसायची. मधल्या भिंतीपलीकडे शेजारची कानडी सून तिच्या जात्यावर बसायची. आईला ती अक्का म्हणे, म्हणून आम्हा मुलांची ती चिगव्वा, म्हणजे धाकटी मावशी. आईची ओवी संपली की भिंतीपलीकडून चिगव्वाचं तीन ओळींचं पद सुरू व्हायचं. ते संपलं की पुन्हा आई. अंथरुणात अर्धवट झोपेत मला ते एकच लांबलचक गाणं वाटे. त्यात भाषा दोन आहेत हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

सोळाव्या वर्षी मला पेटीचं वेड लागलं. भजनी मंडळात बसू लागलो होतो. बेळगावात एका मास्तरांकडे आठवड्यातून दोनदा शिकायला जायचो. वडिलांनी कुणाकडून तरी जुनी पेटी मिळवून दिली होती. सा-रे-ग-म बोटांत बसलं आणि मला वाटू लागलं की जगातलं सगळं संगीत आता या पट्ट्यांखाली आलं. १९६६ सालच्या एका पहाटे मी ती पेटी उचलून जात्याशेजारी नेऊन ठेवली.

"आई, तू म्हण. मी साथ करतो."

तिला गंमत वाटली. तिने घास घातला, जातं फिरवलं आणि ओवी सुरू केली. मी तिचा सा शोधला. काळी चार. रिषभ सापडला, पंचम तर ती फारसा लावतच नव्हती. गंधार मात्र काही केल्या सापडेना. कोमल गंधार म्हणून पांढरी सात दाबली तर आईचा सूर तिच्याहून वर. शुद्ध म्हणून वरच्या सप्तकातली पांढरी एक दाबली तर आई खाली. पेटी माहीत असलेल्यांना ठाऊक आहे, या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात. मध्ये काळी पट्टीसुद्धा नाही. आईचा गंधार त्या फटीत होता.

मी भाता बंद केला आणि म्हणालो, "आई, तुझा गंधार बेसूर आहे. गायचं तर नीट गावं."

आई हसली. "मी कुठं गातोय रे? ओवी म्हणतोय की."

त्यानंतर आईची ओवी मी कधी ऐकली नाही. दोनेक वर्षांत गावात गिरणी आली, जातं परसात गेलं. ओव्या गिरणीने संपवल्या असंच मी धरून चाललो. १९८७ मध्ये आई गेली. तिच्या आवाजाची एकही टेप आमच्याकडे नाही.

पुढे मी बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. गाणारा झालो नाही, गाण्यावरची पुस्तकं मात्र हातांखालून जात राहिली. आई गेल्यानंतर काही वर्षांनी, कपाटांची फेरमांडणी करताना अशोक रानड्यांचं 'लोकसंगीतशास्त्र' हाती लागलं. १९७५ सालचं पुस्तक. उभ्याउभ्या चाळायला घेतलं आणि स्टुलावर बसून वाचत राहिलो. त्यानंतर त्या विषयाची इंग्रजी पुस्तकंही शोधून वाचली. जगभरच्या माणसांचं संगीत कसं अभ्यासावं याचं एक शास्त्रच आहे, त्याला याप कुन्स्ट या डच संशोधकाने १९५० मध्ये 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे नाव दिलं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं. त्या शास्त्राचा पहिला धडा मला आईने सोळाव्या वर्षी दिला होता. मी नापास झालो होतो, एवढंच.

पहिला धडा असा : संगीत कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. आपण समजतो की 'संगीत' ही वस्तू सगळीकडे एकच आहे, फक्त चाली निराळ्या. तसं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर'मध्ये गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हटलं. आज आपण नृत्य त्यातून बाहेर काढलं आहे. आफ्रिकेतल्या हौसा भाषेत 'संगीत' या अर्थाचा सगळ्यांना कवेत घेणारा जुना शब्दच नाही, पण ढोल वाजवणं, गाणं यांना स्वतंत्र शब्द आहेत. मुसलमान समाज अजानला किंवा कुराणपठणाला संगीत म्हणत नाही, मग ते परक्या कानाला कितीही सुरेल वाटो. आणि लांब कशाला जायचं? ऋग्वेद उदात्त, अनुदात्त, स्वरित असे सूर लावूनच म्हणतात, तरी ते पठण. सामवेदाचं मात्र गान. आपली भाषाच बघा. लावणी गातात, नाट्यपद गातात. पण आरती म्हणतात, पाळणा म्हणतात, ओवी म्हणतात. कानडीतही पद 'हेळायचं' असतं, म्हणजे सांगायचं. आई "गातोय कुठं, म्हणतोय" म्हणाली तेव्हा ती विनय दाखवत नव्हती, अचूक वर्गीकरण करत होती. गाण्याची परीक्षा ज्या नियमांनी होते ते नियम तिच्या कामाला लागूच नव्हते.

दुसरी गोष्ट ॲलन मेरियम या अमेरिकन अभ्यासकाची. १९६४ च्या पुस्तकात त्याने सांगितलं की संगीत तीन पायांवर उभं असतं. कानावर पडतो तो ध्वनी, हा एक. तो काढताना माणसं कशी बसतात, कुणासमोर, कुठल्या वेळी, काय करतात, ही वागणूक दुसरी. आणि त्या सगळ्याच्या मागे 'हे काय आहे, चांगलं कशाला म्हणायचं, कुणी म्हणायचं' याच्या ज्या कल्पना असतात त्या तिसऱ्या. कल्पनेतून वागणूक, वागणुकीतून ध्वनी. आणि ध्वनी पसंत पडला किंवा न पडला की पुन्हा कल्पनेत बदल. मी पेटी घेऊन बसलो तेव्हा यातला फक्त ध्वनी पकडायला गेलो होतो. पहाटेची वेळ, घासागणिक फिरणारा हात, भिंतीपलीकडे ऐकणारी दुसरी बाई, नवऱ्यापुढे आणि सासूपुढे न बोलता येणारं दगडापाशी बोलण्याची मुभा, हे सगळं मला पट्टीवर सापडणार नव्हतं.

यावरून नेहमी आठवतात त्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राऊन या अभ्यासकाने तिची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, दुसरं यान निघून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच केसरबाई गेल्या. साडेतीन मिनिटांचा तो ध्वनी सूर्यमालेच्या पार चालला आहे. पण भैरवी मैफलीच्या शेवटी का गातात, ती सुरू झाली की श्रोते कसे सावरून बसतात, हे त्या तबकडीत भरून पाठवता आलेलं नाही. कुणाला ती सापडलीच, तर त्याच्याकडे तीनातला एक पाय असेल.

तिसरी गोष्ट आतल्या आणि बाहेरच्या नजरेची. ही कल्पना भाषाशास्त्रातून आली. केनेथ पाईक याने १९५४ मध्ये ती मांडली. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ती समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च वेगळे आहेत हे मराठी पोराला शिकवावं लागत नाही. कानडी पोराला मात्र ते सुरुवातीला एकच ऐकू येतात. उलट कानडीत ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' हे दोन वेगळे स्वर. ऱ्हस्व ए घेऊन 'केरे' म्हटलं तर तळं, आणि तोच ए लांबवला की धामण! लहानपणी मी चिगव्वाला "केरेत पोहायला जातो" असं म्हणायचो आणि ती पोट धरून हसायची. कान दोघांचेही शाबूत असतात. कुठला फरक मोजायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे ज्याचं त्याच्या भाषेने ठरवलेलं असतं. सुरांचंही अगदी तसंच. बाहेरचा माणूस आपली पट्टी घेऊन येतो आणि त्या पट्टीत न बसणाऱ्या सुराला चूक म्हणतो. मी आईच्या घरात जन्मलो होतो, पण त्या पहाटे जात्यापाशी मी बाहेरचा होतो.

सुरांच्या मोजमापाची कथा तर याहून मनोरंजक आहे. अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज पंडिताने १८८५ मध्ये निरनिराळ्या देशांच्या स्वरसप्तकांवर निबंध लिहिला. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग पाडून, एकेका भागाला सेंट म्हणून, त्याने देशोदेशीची वाद्यं मोजली. निघाला तो निष्कर्ष युरोपला धक्का देणारा होता : निसर्गाने सगळ्या मानवजातीला एकच सप्तक दिलेलं नाही. माणसांनी आपापली सप्तकं घडवली. जावा बेटावरच्या गमेलान वाद्यवृंदात 'स्लेंद्रो' नावाची पाच सुरांची रचना असते; पण एका गावचा गमेलान दुसऱ्या गावच्या गमेलानशी जुळत नाही, आणि जुळावा अशी कुणाची अपेक्षाही नसते. बाली बेटावर तर जोडीची दोन वाद्यं मुद्दाम किंचित बेजोड लावतात, म्हणजे दोन्ही एकत्र वाजली की आवाजाला लाटा येतात. जुळवून लावली तर ते म्हणतील, वाद्य मेलेलं आहे.

आपल्याकडेही हा वाद झालाच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटीही पुढे आणली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झडली. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार सुमारे ३८६ सेंटांवर असतो. पेटीचा शुद्ध गंधार ४०० वर. चौदा सेंटांचा हा फरक जाणकाराला टोचतो. अशा कारणांनी १९४० पासून पुढे जवळजवळ तीस वर्षं आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं. ज्या पेटीच्या जिवावर मी आईला बेसूर ठरवलं, त्या पेटीला देशातल्या रेडिओनेच बेसूर ठरवलं होतं! हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर?

पण आईचा गंधार ३८६ वरही नव्हता. तो आणखी खाली, कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध. असा गंधार जगात दुसरीकडे आहे का? आहे. बगदादला खलिफांच्या दरबारी आठव्या शतकात झलझल नावाचा ऊदवादक होता. दोन्ही गंधारांच्या मधल्या सुराच्या पडद्याला अरब शास्त्रकारांनी त्याचंच नाव दिलं, आणि अरबी संगीतात तो सूर आजही मानाने नांदतो. आमच्या गावचा आणि बगदादचा संबंध होता असं मला मुळीच म्हणायचं नाही. एवढंच म्हणायचं आहे की एका घरी जी फट, तीच दुसऱ्या घरी ओसरी असते.

चौथी कल्पना मँटल हूड यांची, १९६० सालची. माणूस जसा दोन भाषांत वाढतो तसा तो दोन संगीतांतही वाढू शकतो. तोकियोच्या राजवाड्यातले वादक प्राचीन गागाकूही वाजवत आणि पाश्चात्त्य संगीतही, असा दाखला त्यांनी दिला. परक्या संगीताविषयी लिहिण्याआधी ते वाजवायला, गायला शिका, चुका करा, गुरूच्या शिव्या खा, असा त्यांचा आग्रह. आपल्याला यात नवल वाटू नये. गदग भागातून आलेल्या भीमसेन जोशींनी अभंगांची संतवाणी आणि पुरंदरदासांची दासवाणी दोन्ही घरोघर पोचवल्या. धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले आणि वचनंही गायले. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व देवासला आजारपणात अंथरुणावर पडले, तेव्हा माळव्यातल्या बायकांच्या चाली कान देऊन ऐकत राहिले आणि पुढे त्या धुनांतून त्यांनी राग घडवले. त्यांनी त्या बायकांना नीट गायला सांगितलं नाही. माझ्यासारख्या पेटीवाल्यात आणि कुमारांत जे अंतर आहे, ते केवळ गळ्याचं नाही.

हे सगळं वाचून झालं, समजलं, मित्रांना सांगूनही झालं. तरी मनात एक समाधान उरलं होतं की आईची ओवी शेवटी गिरणीने बंद केली, मी नव्हे.

गेल्या वर्षी चिगव्वाला भेटायला गेलो. नव्वदी गाठली आहे. दिसत कमी, ऐकू मात्र चांगलं येतं. सोबत नातू होता. मी म्हटलं, "चिगव्वा, जात्यावरचं एक पद हेळ की." ती म्हणाली, आठवत नाही. बराच वेळ बसून राहिलो. मग तिचा उजवा हात आपोआप मांडीजवळ गोल फिरू लागला, रिकाम्या हवेत, आणि दोन-तीन फेऱ्या झाल्यावर पद आलं. हात थांबला की शब्दही थांबत. वागणूक आणि ध्वनी एकमेकांत कसे गुंतलेले असतात हे पुस्तकात वाचलं होतं. ते असं समोर फिरताना बघितलं नव्हतं.

नातवाने मोबाईलवर सूर मोजायचं ॲप लावलं होतं. चिगव्वाच्या तिसऱ्या सुराला काटा डावीकडे कलला, पडदा लाल झाला. "आजोबा, बाई फ्लॅट जातेय," तो हळूच म्हणाला. मी आकडा बघितला. सा पासून साडेतीनशे सेंटांच्या आसपास, दर ओळीला थोडा हलत, पण कोमलवर उतरत नव्हता की शुद्धावर चढत नव्हता. तीच फट. म्हणजे तो गंधार आईचा एकटीचा नव्हता, तिची चूक तर नव्हतीच. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, दोन भाषांत, दोन बायका रोज पहाटे तो एकच सूर लावत होत्या.

मी चिगव्वाला म्हटलं, "आईचाही असाच होता. गिरणी आली आणि सगळं बंद पडलं."

"गिरणी?" ती म्हणाली. तिचं मराठी अजून कानडी वळणाचंच आहे. "गिरणी मागून आली रे. अक्का त्याच्या आधीच आमच्यात येत होती दळायला. पायली घेऊन यायची पहाटे. तुमच्यात म्हणायची नाही."

"का?"

"पोरगं गाणं शिकतंय, म्हणायची. त्याच्या कानाला तरास होतोय म्हणायची."

नातू फोन बंद करून गप्प बसला. मला काही बोलता येईना. दोन वर्षं आई पहाटेच्या अंधारात दळणाची पायली काखेत घेऊन शेजारी जात होती, आणि मी भिंतीअलीकडे झोपलो होतो. तिने माझं म्हणणं खोडून काढलं नाही, मनाला लावूनही घेतलं नसेल कदाचित. आपल्या मुलाचा कान तयार होतो आहे, त्यात आपला अडथळा नको, एवढाच साधा विचार तिने केला. ज्या कानाची तिने एवढी काळजी घेतली, त्या कानाला तिचा गंधार कळायला पन्नासहून जास्त वर्षं लागली.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून फिरून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आपल्या सीमाभागात भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जे चालत होतं, त्यातलं पुष्कळसं अजून कुणाच्या तरी हातात आहे, मांडीवर पडलेल्या, फिरायची वाट बघणाऱ्या हातात. या दिवाळीत फराळ झाल्यावर घरातल्या किंवा शेजारच्या म्हातारीपाशी बसा. "गा" म्हणू नका. ती म्हणेल, मला येत नाही, आणि ते खरंच असेल. "म्हण" म्हणा, किंवा "हेळ" म्हणा. तिने म्हटलं की मोबाईलवर धरून ठेवा. तो मापायची घाई करू नका.

आमच्या नातीचं लग्न येत्या माघात आहे. घाणा भरायला जातं लागेल, असं सूनबाई म्हणत होती. भाड्याने मिळतं, बाजारात लहानसं शोभेचंही मिळतं. मी सांगितलं, कुंडी उचला. परवा सुताराकडून नवा खुंटा बसवून आणला. टाकी लावणारा मात्र अजून शोधतो आहे. आता तसा माणूस लवकर मिळत नाही. चिगव्वाला बोलावणं गेलं आहे. पेटी मी कपाटावर ठेवून दिली आहे.